नंदाखालच्या विहिरीचे पाणी आणि माझे मॉस

मी, आत्माराम हरिभाऊ सुर्वे, वय ६८, राहणार मनवेलपाडा, विरार पूर्व, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते हृदय. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. पत्नी विनया समोर बसून मेथी निवडते आहे, तो दबाव धरू नये.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक विनयाची, तिच्यामागे मुलगा संकेत याची.

२. लांब कात्री, चिमटा आणि काळ्या दोऱ्याचे रीळ संकेतला. त्याला धीर नाही, पण निदान वस्तू घरात राहतील.

३. माशांची टाकी, आतल्या लाकडावर चढलेल्या मॉससह, विनयाची. मॉस म्हणजे काचेवर धरते ते बुळबुळीत शेवाळ नव्हे, हौसेने वाढवायची पाणवनस्पती. अंगठ्याएवढा पुंजका आणून मी तो लाकडाला दोऱ्याने बांधला, वाढला तसा कातरला, दिवा वेळेवर मालवला, मासे मोजकेच ठेवले. आज त्याची हिरवीगार गादी झाली आहे. पाहुणे मात्र म्हणतात, "पाणी क्लिफर्डचं ना, मग होणारच!"

४. क्लिफर्ड हा माझा कारखान्यातला जुना सोबती, जवळच्या नंदाखाल गावचा वाडीवाला, आता विधुर. आमच्या बोअरचे पाणी मचूळ, त्यात मॉस तपकिरी पडते. म्हणून तो दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून स्कूटरवर आपल्या विहिरीच्या पाण्याचा कॅन आणतो. टाकीत ओततो, समोर बसतो आणि म्हणतो, "वहिनी, बघा, डोळ्यांना कसं गार वाटतं!" विनया हसते. माझ्या विनोदांना ती इतकी हसलेली मला आठवत नाही. माझा जळफळाट होतो. मी गेल्यावर हे दोघे इथे बसतील आणि जळायलाही मी नसेन, याचा तर जास्तच होतो.

५. सबब माझ्यामागे क्लिफर्डच्या विहिरीचा थेंबही टाकीत पडू नये आणि मॉसची काडीही त्याला देऊ नये. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून साक्षीला त्यालाच बोलावले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, हेही विचारून घेतले.

६. पाचवे कलम विनयाने वाचले. मेथी बाजूला सारून म्हणाली, "पाणी तोडलंत तर हे सगळं कुजून जाईल. क्लिफर्डभावजींचं काय जाणार आहे त्यात? तुमच्यामागे मी बघायचं कशाकडे?"

मी म्हटले, "टीव्ही आहे."

"टीव्ही तुम्ही वाढवलेला नाही," ती म्हणाली.



७. सबब पाण्यापुरते पाचवे कलम रद्द. पाणी नंदाखालचेच घ्यावे. क्लिफर्ड आणील तेव्हा त्याला चहा द्यावा. हसू आले तर विनयाने हसावे. मात्र माझ्या खुर्चीत त्याला बसवू नये. स्टूल द्यावे.

वरील मजकूर मी वाचून, समजून आणि थोडा चिडून सही करत आहे.

ठिकाण: मनवेलपाडा, विरार पूर्व
दिनांक: १८ मे २०२५, रविवार

(सही) आत्माराम हरिभाऊ सुर्वे

साक्षीदार:
१. (सही) देवेंद्र वझे, शेजारी
२. (सही) क्लिफर्ड पास्कल तुस्कानो, नंदाखाल. स्टुलावर बसून केली.