लासूरच्या गोदामातल्या दोन बोटी

शनिवार, २ मे

दोन्ही बोटी अजून विकायच्या आहेत. आप्पासाहेबांनी स्वतः फोनवर सांगितलं — "भाभी, लासूर स्टेशनला शिडाच्या बोटी कोण घेणार? तुमचीच वाट बघतायत त्या."

दुपारी सरदार आणि मी जाऊन आलो. कापसाचं रिकामं गोदाम. त्यात दोन बोटी लाकडी टेकूंवर उभ्या, डोलकाठ्या शेजारी आडव्या. आप्पासाहेबांनी धरणावर पर्यटकांना फिरवायचं म्हणून गोव्याहून जुन्याच आणल्या होत्या. परवानगी मिळाली नाही. पाच वर्षं पाणी लागलेलं नाही.

मोठी चौतीस फूट. आत ताठ उभं राहता येतं, ओटा आहे, संडास आहे, पाच जण झोपतील. शिडं ओढायला दोघं हवेत. लहान चोवीस फूट. आत वाकूनच वावरायचं, झोपायला दोघांपुरतं, शेगडी एक.

सरदारांनी तीस वर्षं जहाजांची इंजिनं सांभाळली, मी तितकीच वर्षं पेपरात बातम्या तपासल्या. निवृत्त झालो की रत्नागिरीहून केरळपर्यंत किनाऱ्यानं जायचं, हे लग्नापासूनचं बोलणं. पाऊस संपला की निघायचं. मोठी घ्यायची ठरली. "म्हातारपणी तरी ताठ उभं राहू दे," म्हणाले.

सोमवार, ४ मे

सांडूचा फोन. गोदामाचा राखणदार. मोठ्या बोटीत पाणी आहे म्हणतो.

मंगळवार, ५ मे

आहे. आमच्या झोपायच्या फळीखाली. पट्टीनं मोजलं — सहा सेंटिमीटर. चव घेतली. खारं.

सांडूवर उगाच आवाज चढवला. तो म्हणाला, "बाई, छताला भोक नाय. नळ नाय. प्यायचा टँकर चार दिसाला येतो. म्या काय मीठ कालवून वततो व्हय?"

आप्पासाहेब हसायला लागले. "भाभी, अजून निघालं तर मलाच विका. टँकरपेक्षा स्वस्त द्या फक्त."

सरदारांचं म्हणणं, गोव्याचं जुनं पाणी कुठंतरी अडकलं असेल, ते उतरलं. उपसलं. फडक्यानं पुसून कोरडं केलं. निघताना बोटीच्या दाराला मी कागदाची पट्टी चिकटवली, वर सही आणि तारीख.

शुक्रवार, ८ मे

पट्टी शाबूत. आत अकरा सेंटिमीटर.

सरदार म्हणाले, "गळकी है ये. लहान घेऊ." मी म्हटलं, गळकी बोट बाहेरचं पाणी आत घेते. इथं बाहेर पाणी कुठंय? ते टॉर्च घेऊन लहान बोटीत शिरले, अर्धा तास फळ्या उचलून पाहत होते. खडखडीत.

रविवार, १० मे

लहान घ्यायची ठरली. आप्पासाहेब राजी. सरदार संध्याकाळभर तिचा नकाशा काढत बसले — तुझी पुस्तकं इथं, चहाचा डबा इथं. खूप दिवसांनी असे दिसले.

मंगळवार, १२ मे

सांडू — "बाई, मोठी कोरडी ठाक. लहानीत आलंय. तुमी जिचं नाव घेता तिच्यात येतंय. मी आता रातचा आत जाणार नाय, आप्पासाहेबांना सांगा."

गेले. खरं आहे. मोठीच्या तळाला फक्त मिठाची पांढरी रेघ. लहानीत, पुन्हा आमच्याच फळीखाली, नऊ सेंटिमीटर.

एकाच माणसाच्या सांगण्यावर मी कधी बातमी सोडली नाही. इथं दोन साक्षी आहेत. सांडू आणि पट्टी. ज्या बोटीतून सरदार जाणार, तिच्यात पाणी येतं. दुसरा अर्थ लावून पाहिला. लागत नाही.

बुधवार, १३ मे

सरदारांना सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

"म्हणजे मी बुडणार?"

दोन्ही नकोत, एवढंच म्हटलं. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "छत्तीस वर्षं थांबलो, मुनिरा." मग म्हणाले, ठीक. आप्पासाहेबांना नकार कळवला. नकाशा त्यांनी घडी करून कपाटात ठेवला. तो फाडला असता तर बरं वाटलं असतं.

शुक्रवार, १५ मे

सांडू: दोन्ही कोरड्या.

शनिवार, १६ मे

सरदार रत्नागिरीला गेले. त्यांचा जुना सोबती विश्वजीत पावसाआधी आपली बोट किनाऱ्यावर घेणार आहे, त्याच्यासोबत दोन दिवस पाण्यावर. मी अडवलं. भांडले म्हटलं तरी चालेल. "सारी उमर पाण्यावर होतो. तेव्हा तू पट्टी घेऊन नाही बसलीस."

बसनं गेले. डबाही नेला नाही.

रविवार, १७ मे

फोन नाही.

सोमवार, १८ मे

फोन आला. आवाजात वारा. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "तुझ्यासाठी सगळ्या फळ्या उचलून बघितल्या. सुखी रोटी जैसी है." मागून विश्वजीत ओरडला — "वहिनी, माझ्या बोटीची काय ही बदनामी!" दोघं हसत होते. मीही हसले. पंधरा दिवसांनी नीट जेवले.

मंगळवार, १९ मे

सकाळी सहाला पाय खाली ठेवला तो पाण्यात. पलंगाच्या माझ्या बाजूला. नळाला पाणी गुरुवारी येणार, गच्चीवरची टाकी रिकामी आहे, जाऊन पाहिली. सरदारांची बाजू कोरडी.

खारं आहे.

दोन्ही बोटींतून मीही जाणार होते. ते मी धरलंच नव्हतं.

आठ वाजता त्यांचा फोन येईल. लहान घ्या म्हणून सांगणार आहे. ती एकट्याला हाताळता येते.