नऊ नंबरच्या घराखालची जमीन

पुंडलिकनगर,
छत्रपती संभाजीनगर
१२ मे २०२४

प्रिय मंदारदादा,

साष्टांग नमस्कार. आई-बाबा माझ्याकडे मजेत आहेत. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्या दिवशी आम्ही सगळे बादल्यांचे नोकर. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवरचं आई कान देऊन ऐकते, आणि मेसेजला तू नुसता अंगठा पाठवतोस.

ऑफिसात डोकं फिरायची वेळ आली आहे. मी तिथे काय करते, हे तू कधी विचारलं नाहीस. सर्व्हेवाला प्लॉटभर फिरून जागोजागची उंची मोजतो आणि फाइल देतो. ती मी सॉफ्टवेअरमध्ये घातली की ते ठिपक्याला ठिपका जोडून कॉम्प्युटरवर जमीन उभी करतं, चढउतारांसकट. त्यावर मग सर घरं बसवतात. तात्यासाहेब बिल्डरांच्या स्कीमची जमीन मी किती वेळा केली ते विचारू नकोस. एका ठिपक्याला उंचीच नव्हती. सॉफ्टवेअरनं ती शून्य धरली आणि प्लॉटच्या मधोमध थेट समुद्रसपाटीपर्यंत विहीर खणली. हसू नकोस, ती शोधण्यात माझा अख्खा दिवस गेला.

हो, तीच स्कीम, पैठण रोडची. तू आई-बाबांसाठी तिथलं नऊ नंबरचं रो-हाउस बुक केलंस, आणि मला ते बाबांनी पेढा हातावर ठेवला तेव्हा कळलं.

ती चूक काढली तेव्हा खरी जमीन दिसली. मागच्या टेकडीवरून एक नाला उतरतो आणि प्लॉट तिरका कापून जातो. नऊ नंबर बरोबर त्यातच. सरांना दाखवलं, तर थोड्या दिवसांनी नवा सर्व्हे आला. त्यात नालाच नाही! जुनी आणि नवी जमीन एकावर एक ठेवून बघितली. बाकी सगळं तसंच, फक्त नाल्याची पट्टी वर आलेली, मध्ये तर पुरुषभर. मागच्या रविवारी स्कूटीवर जाऊन आले. नुकताच टाकलेला मुरूम आहे. तात्यासाहेब तिथेच होते. म्हणाले, "नाला कुठंय मॅडम? पाणी दिसायलं का तुम्हाला?" या दुष्काळात पाणी कुठेच दिसत नाही. सर म्हणतात, नवी फाइल घ्या, जुनी काढून टाका.

हे तुला लिहायचं मी टाळत होते. तुला वाटेल, चारूला आई-बाबा स्वतःकडेच हवेत म्हणून ती खुसपट काढते आहे. हवेतच मला ते. ते गेले की हे घर मला खायला उठेल. पण पाणी माझ्या मर्जीनं वाहत नाही, दादा. एक बरा पावसाळा झाला की तो मुरूम खचेल, आणि बाबांना आत्ताच दोन पायऱ्या चढताना धरावं लागतं.

बाबांनाही सांगितलं. सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "जावयाच्या घरी किती दिवस राहायचं? श्रीरंगराव चांगले आहेत, पण लोक विचारतात इथं. मंदारनं पहिल्यांदा काही केलंय आमच्यासाठी. पाणी आलं तर खाटेवर बसू. तू त्याला कळवू नको."

म्हणजे पाण्यात बसायला तयार, पण तुला नाही म्हणायला नाही. मला इतका राग आला की रडूच आलं. रोजच्या गोळ्या, दवाखान्याच्या रांगा, ते कुणी धरत नाही. तू एक सही केलीस आणि घरात पेढे आले.

असो. बुकिंग रद्द कर. बाकीची घरं घेणाऱ्यांसाठी मी महिनाअखेरीला सरांना लेखी देणार आहे, जुनी जमीन सोबत जोडून. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, त्याआधी तू मोकळा हो. त्यांच्यासाठी दुसरं घर बघ, उंचावरचं. लहान असू दे, भाड्याचं असू दे, दारावर पाटी तुझ्या नावाची लाव. सामान मी बांधून देईन.

आणि बाबांना सांग, चारूनं भांडून रद्द करायला लावलं. ते माझ्याशी बोलणार नाहीत, चालेल मला. तू मागे फिरलास असं मात्र त्यांना वाटू देऊ नकोस, ते त्यांना सोसणार नाही.

बाबांच्या लेखी वाईट ठरायला तयार असलेली,
तुझी चारू