ओल्या अंगणातला साइड स्टँड

अण्णा, मेलेल्या माणसावर काय रागवायचं, असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं! मी गेल्या रविवारपासून तुमच्यावर धुमसते आहे. भाजी निवडताना धुमसते, अंबडला कंपनीत माल तपासताना धुमसते, सिग्नलला उभी असताना धुमसते. परवा तर शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, "ताई, काही म्हणालात का?" म्हणाले होते बहुतेक. तुम्हालाच म्हणत होते. तुम्ही समोर असतात तर मोठ्याने म्हणाले असते, आणि तुम्ही नेहमीसारखं पेपर वर करून तोंड झाकलं असतंत. आता पेपर नाही, तुम्ही नाही, म्हणून लिहिते आहे.

तो दसरा आठवतो ना? न आठवून कसं चालेल, जन्मभर तुम्हीच तो सगळ्यांना सांगितलात. देवळाली कॅम्पातल्या एका रिटायर होणाऱ्या सुभेदाराकडून तुम्ही ती काळी, जड गाडी घेतली होती आणि घरात तिचा पहिला दसरा होता. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कंपनीत तुमच्या मशीनची पूजा झालेली. त्या पूजेतली तुमची चार-पाच दोस्तमंडळी दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या सिडकोतल्या घरी गाडी बघायला हजर. आईने पहाटे उठून अंगणात सडा घातला होता. दारापुढच्या फरशीवर तिची रांगोळी, म्हणून गाडी मातीवर घेतलीत. तिथवर ठीक होतं. एरवी तुमचा नियम कडक, गाडी लावायची तर डबल स्टँडवर, दोन पायांवर सरळ. पण त्या दिवशी एकाने कॅमेरा आणला होता. आणि सरळ उभी गाडी फोटोत कशी दिसते? खुंट्याला बांधलेल्या शेळीसारखी! साइड स्टँडवर हँडल वळवून तिरकी उभी केली की कसा रुबाब दिसतो! काळी माती, वर भरपूर पाणी, आणि दोनशे किलोचं धूड एका बोटाएवढ्या लोखंडावर. मी नारळ आणायला आत गेले होते. आवाज आला आणि पाठोपाठ आईची किंकाळी. बाहेर येऊन बघते तर गाडी डाव्या अंगावर पडलेली, झेंडूचा हार चिखलात, आरतीचं ताट पार फाटकापाशी, आणि आईचं उजवं पाऊल गाडीखाली. तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात सांगू? "तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला?" आणि दुसरं, "एवढं पाणी कोण ओततं अंगणात?"

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपण शाळेत नुसती पाठ करतो. मी ती घरात बघितली.

लागलं का, असं तुम्ही विचारलं नाहीत. तुमच्या दोस्तांनी गाडी उचलली, मग आईला उचललं. याच क्रमाने. पाऊल प्लास्टरमधून निघालं ते वाकडं जुळून, आणि आई लंगडायला लागली. पंचवटीतल्या महिला मंडळात ती शिवणाचा क्लास घ्यायची. दोन बस बदलून जायची तरी आनंदात जायची, येताना बायकांच्या गमती घेऊन यायची. या पायाने बसची पायरी चढवेना. मामा त्याची जुनी मोपेड द्यायला तयार होता, आठवतं? आई किती खूश झाली होती, पदर खोचून अंगणात तिच्यावर बसूनही बघितलं तिने. आणि तुम्ही ओसरीवरून म्हणालात, "उभी गाडी पाडणारी बाई चालती काय सांभाळणार!" सगळे हसले. मोपेड मामाकडे परत गेली. क्लास सुटला. ते वाक्य मात्र घरातच राहिलं. पाहुणे आले की चहाबरोबर बिस्किट द्यावं तसं तुम्ही ते काढायचात. मी कॉलेजात गाडी शिकायचं नाव काढलं तर म्हणालात, "आईवर गेलीये, राहू दे." शिवाय डबल स्टँडला मनगटात जोर लागतो, ते बायकांचं काम नाही, हेही ठरलेलं.

जोर! अण्णा, दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच्या पगारातून गाडी घेतली. तशीच, काळी आणि जड. शोरूममधल्या पोरीला मी विचारलं, हे माझ्याच्याने स्टँडवर चढेल का? ती पोरगी माझ्या निम्मी असेल. म्हणाली, "मॅडम, उचलायची नाहीच. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले की उजव्या पायाने त्याच्यावर उभं राहायचं. अख्खं वजन टाकायचं, गाडी आपोआप मागे चढते." आणि चढली की! हाताने नुसता तोल धरायचा. एवढंच होतं तुमचं ते पुरुषी गुपित. मला तिथेच हसू आलं आणि संतापही आला.

पण आई काही त्या गाडीवर बसेना. पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या बाजूने जायचंच नाही, लांबून वळसा घालायची. मावशीकडे जाऊ या का म्हटलं तर रिक्षाच हवी. "माझा हात लागला की पडते गं गाडी," असं अगदी सरळ म्हणायची, जणू साखरेचा आजार असल्यासारखं. रविवारी माझं डोकं फिरलं. म्हटलं, आज सोक्षमोक्षच लावते. तिला खाली नेलं, खुर्चीवर बसवलं. आमच्या सोसायटीत फरसबंदीच्या कडेला झाडांसाठी मातीचा पट्टा आहे, तिथे बादलीभर पाणी ओतलं आणि गाडी साइड स्टँडवर घेतली. हँडल धरून उभी राहिले. स्टँड हळूहळू रुतायला लागला, गाडी कलायला लागली. मी ओरडलेच, "बघ आई! कुणी ढकलली का? कुणीही नाही! तू नाही पाडलीस, अण्णांनी चुकीची लावली होती!"

आई शांतपणे म्हणाली, "अगं, मला काय दाखवतेस. मी बघितलं होतं की तेव्हाच."

अण्णा, माझ्या हातातून खरंच गाडी सुटली असती. ती म्हणाली, "ते पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायला बसले होते. कॅमेरावाला म्हणाला इकडे बघा, म्हणून मान तिकडे. माझ्यासमोर स्टँड मातीत चालला होता. गाडी थेट त्यांच्या अंगावर येत होती. ताट टाकलं आणि धरली. ते निसटले, माझा पाय राहिला." आणि वर म्हणाली, "म्हणजे हात लावला होता ना मी. खोटं कुठे बोलले ते?"

मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?" तर म्हणे, "कंपनीतले लोक होते. सणाचा दिवस. चारचौघांत कशाला त्यांना खाली बघायला लावायचं?" आणि नंतर? नंतरची इतकी वर्षं? "नंतर त्यांना ते सांगून हसायला आवडायचं. मी म्हटलं, हसू देत." बरं, तुम्हाला निदान माहीत तरी नव्हतं, एवढी पळवाट मी तुमच्यासाठी शोधली. आईने तीही बंद केली. म्हणाली, "माहीत नसायला काय झालं? दुसऱ्याच दिवशी त्यांनी शहाबादी फरशीचा तुकडा आणला आणि बरोबर त्या जागी मातीत बसवला. त्यानंतर स्टँड कायम त्याच्यावरच."

तो तुकडा मला चांगला आठवतो. पावसाळ्यात पाय भरू नयेत म्हणून बसवला आहे असं मला वाटायचं. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. गाडीच्या पायाखाली फरशी घालता आली, तोंडातून एक वाक्य काढता आलं नाही? "माझं चुकलं" नको, ते तुमच्या पिढीला परवडायचं नाही. "हिने धरली म्हणून मी वाचलो" एवढं जरी चहाबरोबर सांगितलं असतंत तरी आई मोपेडवर बसून पंचवटीला गेली असती. लंगडत का होईना, गेली असती. लाज वाटायला हवी होती तुम्हाला. माझ्याच तोंडून बापाला असं निघतंय, तर निघू दे.

मग आई उठली. म्हणाली, "ते डबल स्टँडवर कसं चढवतात, दाखव ना." मी गाडी फरसबंदीवर घेतली, तिला डाव्या बाजूला उभं केलं, हात कुठे, पाय कुठे सगळं सांगितलं. तिने उजवा पाय स्टँडवर ठेवला. दाबला. पुन्हा दाबला. मग माझ्याकडे बघून ओशाळं हसली. "वजनच देता येत नाही गं या पायावर." अण्णा, त्या क्षणी तुम्ही असतात तर काय केलं असतं मी, मलाच सांगता येत नाही. मी तिच्या कमरेला हात घातला, माझा पाय तिच्या पायाशेजारी रोवला आणि दोघींनी मिळून भार टाकला. गाडी खाडकन मागे चढली. "चढली की गं!" म्हणून आईने टाळी वाजवली. वॉचमन बघत राहिला.

हे कुठे पाठवणार मी? रामकुंडात सोडावं असं मनात आलं होतं. पण आईला कळलं तर ती मलाच रागावेल. गेलेल्या माणसाला असं बोलतात का, म्हणेल. तेव्हा राहू दे माझ्याजवळच. तुम्ही कधी असं गप्प बसून माझं सगळं ऐकलं नव्हतंत, आज ऐकलंत.

फक्त एक गोष्ट मी आईला विचारलेली नाही. आज पुन्हा तेच अंगण असलं, तेच कॅमेऱ्याकडे बघणारे तुम्ही, आणि पुढचं सगळं तिला आधीच माहीत असलं, तर ती गाडी धरेल का? रविवारपासून विचारीन म्हणते आणि विचारत नाही. ती भाजीवरून मान वर न करता "म्हणजे काय, धरणारच" म्हणेल, आणि ते मला ऐकवणार नाही.