निरागसतेचा जिवंत पुरावा

तीर्थस्वरूप ताईस,

कोपरापासून नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण माझे गुडघे पत्रातसुद्धा वाकत नाहीत.) भावोजींचा खोकला आता कसा आहे? तुझी सहा वर्षांची लेक इथे मजेत आहे. मजेत नाही तो तिचा मामा.

तुला ठाऊकच आहे, कॉलेजात स्वच्छंदतावादी कविता आम्ही दोघांत वाटून शिकवतो. निरागसता माझ्याकडे, अनुभव बाईंकडे. (कुठल्या बाई, असं विचारू नकोस. माझ्या प्रत्येक पत्रात त्या असतातच, असं तूच म्हणतेस.) माझं म्हणणं, मूल जन्मतःच शहाणं असतं, ढगात, पानात त्याला साऱ्या सृष्टीचं गुपित दिसतं आणि मोठं होता होता आपण ती नजर गमावून बसतो. बाई म्हणतात, जिला जगाचा चटकाच बसलेला नाही ती निरागसता म्हणजे निव्वळ अज्ञान. चटके खाऊनही उरते ती खरी. यावरून स्टाफरूममध्ये आमचा चहा रोज थंड होतो. परवा दोघांनी मिळून तास घ्यायचं ठरलं. बाईंपुढे आपलं हसं होऊ नये, एवढीच मला काळजी (विद्यार्थ्यांपुढे होतच असतं). म्हणून मला अवदसा आठवली आणि मी तुझ्या लेकीला जिवंत पुरावा म्हणून वर्गात नेलं.

तिला टेबलावर उभं केलं. खिडकीबाहेर असा काही ढग आला होता की मी हातातला खडू खाली ठेवला. काय दिसतंय, असं मी हळुवारपणे विचारलं. तिने बराच वेळ निरखून सांगितलं की काच कुणी पुसलेली नाही. मी घाईघाईने खालचं झाड दाखवलं, तर म्हणे झाडाची सावली सरकलीय, मामाची सायकल उन्हात आलीय, आणि सीट तापली की मामा बसताना ओरडतो. वर्ग बाकं बडवू लागला. मी हताश होऊन बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीशी उभ्या होत्या. पन्नाशीला टेकलेली, नवऱ्यामागे दोन मुलींना एकटीने मार्गी लावलेली ही बाई, तोंडाचा आ करून त्या ढगाकडे पाहत होती! "अगंबाई, केवढा हा!" म्हणाल्या. ताई, बाईंचंच खरं निघालं, आणि मला इतका आनंद झाला की आपण हरलो हे मी विसरूनच गेलो. तुझ्या लेकीने मात्र तेवढ्यात वर्गाला माहिती पुरवली, की मामा रोज दाढी करताना आरशापुढे बाईंशी वाद घालतो आणि तिथेही हरतो. बाईंनी ऐकलं. घंटा झाली म्हणून वाचलो.

बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. लेकीला न्यायला येशील तेव्हा बाईंकडे माझ्यासाठी शब्द टाकशील का? तू मोठी आहेस, तुला शोभेल. माझी जीभ ऐन वेळी टाळ्याला चिकटते. खरं म्हणजे पत्र लिहायला बसलो ते याचसाठी.

ता. क. दुसरा. वरचं रद्द समज. पाकीट चिकटवायला दिलं, तेव्हा तुझ्या लेकीने थंडपणे सांगितलं की तिने बाईंना कालच विचारून टाकलंय. बाई म्हणाल्या, "मामाला म्हणावं, निरागसपणा पुरे. स्वतः येऊन विचारा." तेव्हा निघालो. सायकल सकाळपासून उन्हातच आहे. बसू दे चटका.