जागतिक दारिद्र्य आणि तुझ्या गल्लीतला नळ

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं वाकलो असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला, की आता घरचाच झाला? इकडे आम्ही सगळे ठीक. फोन न करता पत्र का लिहितोय हे तुला वेगळं सांगायला नको. फोनवर तू मला पहिलं वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि हे प्रकरण असं आहे की पहिल्या वाक्यात ते मलाही कळत नाही. बरंच पुढे गेल्यावर कुठे जरा उजाडल्यासारखं वाटतं, आणि मग परत गोंधळ होतो. तेव्हा चष्मा लाव, शांतपणे बस, आणि भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस. ते मध्येच प्रश्न विचारतात आणि उत्तरं माझ्याकडे नाहीत.

माझी बदली झाली हे तुला कळलंच असेल. कुत्र्यांच्या परवान्यांच्या कचेरीतून मला उचलून थेट ‘आंतरराष्ट्रीय विकास व जागतिक दारिद्र्य निवारण विभाग’ इथे बसवलं. मला वाटलं, कुणाच्या तरी नावाशी घोटाळा झाला. विचारायला गेलो तर म्हणाले, हुकमावर सही झाली आहे, म्हणजे बरोबरच असणार. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी उघडत नाही, पण डोक्यावर पंखा आहे आणि खुर्ची गोल फिरते. काम असं, की आपल्या सरकारने एक धोरण आखलंय आणि त्या धोरणाप्रमाणे जगात कुणीही गरीब राहणार नाही. माझ्याकडे पूर्वेकडचं अर्धं जग दिलंय. पश्चिमेकडचं शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे होतं, पण त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्यापासून तेही माझ्याच टेबलावर येऊन पडलंय. (रजेवर जाताना त्यांनी कुंडीतल्या झाडाला पाणी घालायचं बजावून सांगितलं. जगाबद्दल काही बोलल्या नाहीत.)

सुरुवात कुठून करायची, असं मोठ्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, धोरण वाचा. वाचलं. ताई, खरं सांगतो, प्रत्येक पान वाचताना अगदी पटतं आणि मिटल्यावर काहीएक आठवत नाही. हे ज्याने लिहिलं तो तज्ज्ञ आठवड्यातून एकदा येतो आणि फळ्यावर बाण काढतो. दारिद्र्यापासून एक बाण विकासाकडे, विकासापासून एक बाण भागीदारीकडे, आणि भागीदारीपासून निघालेला बाण फिरून परत दारिद्र्याकडे. हा शेवटचा बाण कशाचा, असं मी भीत भीत विचारलं. तो म्हणाला, ते चक्र आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हणून मीही डोलावली. तेव्हापासून माझ्याकडे समजूतदार माणूस म्हणून पाहिलं जातं आणि मला काही विचारायची चोरी झाली आहे.

पण एक गोष्ट मात्र मोठ्या साहेबांनी मला बाण न काढता सांगितली. वर्षअखेरपर्यंत एखाद्या परक्या देशाने आपली मदत घेतली नाही, तर हा विभाग गुंडाळण्यात येईल आणि जो तो आपापल्या जुन्या जागी जाईल. ताई, माझी जुनी जागा तुला माहीत आहे. परवाना देण्याआधी कुत्रा प्रत्यक्ष पाहावा लागतो, आणि कुत्राही आपल्याला पाहतो. माझ्या पँटी एकाच जागी किती वेळा रफू झाल्या, आणि ते रफू तूच केलंस, तेव्हा तुला काय सांगू. इथे कुणी चावत नाही. या वयात मला तिकडे परत जायचं नाही, एवढं एकच मला या सगळ्यात स्वच्छ समजलं आहे.

तेव्हा मी गरीब देश शोधायला लागलो. तुला वाटेल, त्यात काय अवघड? मलाही तसंच वाटलं होतं. सगळीकडे पत्रं धाडली की आम्ही आपली गरिबी दूर करू इच्छितो, तरी सोयीची तारीख कळवावी. एका देशाने रागावून पत्र परत पाठवलं. दुसऱ्याने लिहिलं की आम्ही पूर्वी गरीब होतो, आता उदयोन्मुख आहोत, पत्त्यात तशी दुरुस्ती करावी. तिसऱ्या देशाचं उत्तर फार सभ्य होतं. त्यांच्याकडे गरिबी होती, पण ती सगळीच्या सगळी आधीच दुसऱ्या एका सरकारला देऊन झाली होती. त्यांचं काम आटोपल्यावर काही उरली तर आमचा विचार करू, असं त्यांनी आपुलकीने लिहिलं होतं. ताई, लोकांच्या दारात इतकं आर्जव मी माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा केलं नव्हतं. शेवटी समुद्रापलीकडच्या एका छोट्या देशाचं पत्र आलं: आपला प्रस्ताव वाचून अतिशय आनंद झाला, आमची माणसं लगेच निघत आहेत. साहेबांनी त्या दिवशी माझ्यासाठी स्वतःच्या हाताने चहा ओतला.

ती माणसं आली. एक उंच बाई आणि एक टोपीवाले गृहस्थ, दोघंही अतिशय हसतमुख. बैठकीच्या खोलीत आम्ही पडदा लावून ठेवला होता, त्यावर त्यांच्या देशाचा नकाशा आणि नकाशावर लाल ठिपके. (ठिपका म्हणजे गरिबी. ठिपके मीच लावले होते, जिथे नाव लिहिलेलं नव्हतं तिथे.) मोठे साहेब बोलायला उठले तर उंच बाईही उठल्या. साहेबांना वाटलं, मानाने उठल्या असतील. पण त्यांनी आपल्या पिशवीतून एक गुंडाळी काढली, सोडली, आणि ती आमच्या पडद्यावर बरोबर आमच्या नकाशावरून टांगली. ताई, तो आपला नकाशा होता. आपल्या देशाचा. त्यावर लाल ठिपके होते, आणि आमच्यापेक्षा जास्तच होते.

मग हळूहळू उलगडत गेलं. त्यांच्याही सरकारचं धोरण आहे. त्यांच्याकडेही असाच विभाग, असाच तज्ज्ञ, असेच बाण. त्यांनाही वर्षअखेरपर्यंत एक देश हवाच आहे, नाही तर टोपीवाल्यांना परत वजनमापं तपासायला जावं लागणार. आमचं पत्र वाचून त्यांनी असा अर्थ घेतला की आम्ही मदत मागतोय, आणि त्यांचं पत्र वाचून आम्ही असा, की ते मागतायत. दोन्ही बाजूंकडे देण्याची प्रमाणपत्रं छापून तयार होती. घेण्याचं कुणाकडेच नव्हतं. फोटो काढायचा म्हणून साहेबांनी हातपंपाची छोटी प्रतिकृती पुढे केली. देताना हात वर असावा, असं फोटोवाल्याने आम्हाला आधीच शिकवून ठेवलं होतं. तसं तिकडे टोपीवाल्यांनाही कुणी शिकवलं असणार, कारण दोघांचेही हात वर वर जात राहिले, हातपंप त्यांच्याबरोबर गेला आणि खाली उंच बाईंच्या पायावर आला. त्या तरीही हसतच होत्या. चांगल्या घरच्या वाटल्या.

घोटाळ्याचं मूळ आहे ते यापुढे. उंच बाईंनी पाय चोळत चोळत मोठ्या साहेबांना सरळ विचारलं, तुमच्याकडे गरिबी आहे का? साहेबांचं सगळं आयुष्य सरकारी नोकरीत गेलंय. ‘आहे का’ असं कुणी विचारलं की ‘नाही’ म्हणायची त्यांना सवयच नाही. ते म्हणाले, उपलब्ध करून देण्यात येईल. बोलून गेले आणि मग आम्हा सगळ्यांकडे पाहायला लागले. खोलीत जो तो आपल्या बुटांकडे बघत होता. आपल्या आळीचं नाव कोण सांगणार? लेखापालाने सांगितलं की आमच्याकडे सगळं छान आहे. टायपिस्टने सांगितलं की तिच्याकडे तर त्याहून छान आहे. माझ्यावर नजर आली तेव्हा माझं डोकं काम करत नव्हतं, आणि मी आपला बोलून गेलो की माझ्या बहिणीच्या गल्लीतला नळ कितीतरी वर्षं कोरडा आहे.

ताई, रागावू नकोस. मी गरिबीचं नाव काढलं नाही, फक्त नळाचं काढलं. चढावरून बादल्या वाहून तुझा गुडघा गेला, हे मी पाहिलंय. त्या नळासाठी पाणी खात्यात मी किती खेटे घातले हेही तुला ठाऊक आहे. दर वेळी ‘विचाराधीन’ हा एकच शब्द घेऊन परत आलो. आणि तोच नळ मी त्या खोलीत नुसता उच्चारला तर उंच बाईंचे डोळे चमकले, टोपीवाल्यांनी लगेच नकाशावर तुझ्या गल्लीत ठिपका लावला आणि टाळ्या पडल्या. करार ठरला. आम्ही त्यांच्या एका गावाचा पूल बांधायचा, त्यांनी तुझ्या गल्लीचा नळ सुरू करायचा, म्हणजे दोन्हीकडची धोरणं एकदमच यशस्वी. साहेबांनी माझा हात हातात घेऊन म्हटलं, तुमच्या ताई देशाच्या कामी आल्या. मला अभिमान वाटला. पण घरी येताना वाटलं की यात अभिमान वाटावा की लाज, हे कुणाला तरी विचारायला हवं. तज्ज्ञाला विचारलं तर तो बाण काढेल म्हणून तुला विचारतोय. दुसऱ्या दिवशी पाणी खात्याच्या इंजिनिअरचा मला मुद्दाम फोन आला, की तो नळ आता आंतरराष्ट्रीय कराराखाली आल्यामुळे आमचा माणूस त्याला हात लावू शकत नाही. इतकी वर्षं लावला नव्हता तो कशाखाली, हे विचारायचं राहिलं.

असो. तब्येतीला जप. भाऊजींना नमस्कार सांग. रात्री पायाखाली उशी घेऊन झोपत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. पाहुणे गुरुवारी सकाळी तुझ्याकडे नळ पाहायला येणार आहेत, हे वर लिहायचं विसरलो. बसतील तुझ्याच घरी. फ्रिज तेवढा बाहेरच्या खोलीतून आत घे, आणि नवीन सोफ्यावर जुनी चादर टाक. भाऊजींना म्हणावं, एक दिवस दाढी नाही केली तरी चालेल. तू गरीब आहेस असं मी कुठेही म्हटलेलं नाही. फक्त त्यांनी तसं धरून चालल्यावर मध्ये बोललो नाही.

ता. क. २. पाकीट बंद करणार तेवढ्यात तुझं पत्र हातात पडलं. नळाला पाणी आलं? गल्लीतल्या सगळ्या बायकांना घेऊन तू त्याच इंजिनिअरच्या खोलीत रिकाम्या बादल्या मांडून बसलीस आणि संध्याकाळपर्यंत फिटर आला, हे मी दोनदा वाचलं. ताई, मला भरून आलं. आपली आई असती तर तिनेही हेच केलं असतं. पण आता माझं काय? करारात नळ कोरडा आहे. पाहुणे समुद्र ओलांडून कोरडा नळ पाहायला येतायत, आणि तो वाहत असला तर मदत कसली नि विभाग कसला. मला परत कुत्र्यांकडे जावं लागेल. तुझ्या पाया पडतो, गल्लीच्या तोंडाशी जमिनीत लोखंडी झाकण आहे, त्याखालचा व्हॉल्व्ह फक्त गुरुवारपुरता बंद करून ठेव. बायकांना काहीतरी सांग. ते गेले की लगेच उघड. एवढंच मागणं आहे. बाकीचं पत्र नाही वाचलंस तरी चालेल.

ता. क. ३. ताई, हे मी लिहितेय, तुमची भावजय. पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, उघडंच होतं म्हणून वाचलं. नळ मुळीच बंद करू नका. गुडघ्याचे इतके हाल झाल्यावर मिळालेलं पाणी कुणासाठी बंद करायचं नाही, ह्यांच्यासाठी तर नाहीच. गुरुवारी पाहुण्यांना चहा द्या आणि सरळ इकडे पाठवा. आमच्या इमारतीचा पंप जळून आठवडा झाला. दोन जिने उतरून समोरच्या दुकानातून मी पाणी भरते, आणि हे सकाळी मजेत अंघोळ करून, जास्तीचा एक तांब्या डोक्यावर ओतून, जगाचं बघायला जातात. ह्यांना अजून पत्ता नाही. गुरुवारी पाहुणे नळ सोडून बघतील तेव्हा ह्यांनाही कळेल.