तीन नंबरच्या खोलीतला पाहुणा

४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे भरभरून आशीर्वाद. विश्रामगृहाचा हंगाम सुरू झालाय. आठपैकी सहा खोल्या भरल्यात आणि पाहुण्यांच्या चपलांबरोबर किनाऱ्यावरची वाळू थेट जेवणघरापर्यंत येतेय.

तीन नंबरमध्ये एक गृहस्थ एकटाच उतरलाय. सुट्टीला आलोय म्हणतो, पण पाच दिवसांत पाण्यात पाय घातलेला नाही. सारखा माझ्या स्वयंपाकघरात. मांसाची आणि दुधाची भांडी वेगळ्या कपाटांत आहेत का, ते दारं उघडून पाहिलं. किडीसाठी पालेभाजीचं एकेक पान मी उजेडात धरते, तर शेजारी उभा. काल मासळीबाजारात मागोमाग आला आणि खवल्यांचाच मासा घेते ना, ते बघत राहिला.

या गावात आपल्या यहुदी नियमांचं कोशर जेवण देणारी मी एकटी. शेजारच्या बड्या हॉटेलाला ते खुपतंय, त्यांचाच हेर असणार. आपल्या लोकांत एकदा नाव खराब झालं, की मला कुलूप लावावं लागेल.

लेकीचं कुठवर आलं ते कळव.

तुझी,
ताई

१० नोव्हेंबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझा स्वभावच संशयी. लहानपणी दूधवाल्याच्या मापात बोट बुडवून बघायचीस!

लेकीचं जवळजवळ ठरलंय. मात्र होणाऱ्या विहीणबाई खाण्यापिण्यात भलत्याच काटेकोर आहेत. दोन्ही घरांनी तुझ्याकडे चार दिवस राहून बोलणी पक्की करायची, असा बेत आहे. तिथे जेवणात काही खोट निघाली तर पोरीचं जमलेलं मोडेल, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

त्या पाहुण्याशी वाकड्यात शिरू नकोस. बघू दे काय बघायचं ते. असली सोनेरी चष्म्याची माणसं चौकस असतात, पण मनाने वाईट नसतात.

लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा,
धाकटा

१५ नोव्हेंबर

धाकट्या,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर.

त्याच्या चष्म्याबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. तुझं पत्र घेऊन तशीच जाऊन तीन नंबरचं दार वाजवलं. माणूस सरळ निघाला. कोशर स्वयंपाकघरं तपासणं हा त्याचा पेशा, आणि त्याला तू पाठवलंस, हे त्याने लगेच सांगितलं. गेल्या वर्षी इथे राहून गेलेल्या कुणीतरी तुझ्या कानावर घातलं म्हणे, की माझ्या घरात आपल्याला निषिद्ध असलेल्या खेकड्यांचा वास येतो. येतोच! शेजारच्या हॉटेलची भट्टी माझ्या खिडकीखाली आहे. मला विचारलं असतंस तर एका ओळीत सांगितलं असतं.

सगळं चोख असल्याचा कागद त्याने सहीनिशी दिला. तो मी शेगडीत घातला. फार लागलं रे मनाला. माझ्यावर संशय घेणारा परका नव्हता, तू होतास. आता माझ्या शब्दावर यायचं असेल तर या. विहीणबाईंना काय सांगायचं ते तुझं तू बघ.

पोरीला तेवढे आशीर्वाद.

ताई

२१ नोव्हेंबर

ती. ताईस,

तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून नमस्कार कागदावरच.

विहीणबाई काल आल्या आणि मी कबूल केलेला तपासणीचा कागद त्यांनी मागितला. पोरगी दाराआडून ऐकत होती. मी म्हटलं, कागद नाही. बहीण माझी आहे आणि तिच्या हातचं मी बिनधास्त जेवतो. त्या म्हणाल्या, की तसं असेल तर पुढच्या आठवड्यात निघू.

त्या गेल्यावर ध्यानात आलं, तुला विश्रामगृह काढून सहा वर्षं झाली आणि मी तिथे एक घासही खाल्लेला नाही. दर वेळी काही ना काही सबब सांगितली. मीच खात नव्हतो, ताई.

हे पत्र बरोबर घेऊनच उद्या सकाळच्या गाडीने एकटा निघतोय. त्यांना जे सांगितलं, ते त्या येण्याआधी खरं करायचंय. रागावलीस तरी माझं ताट वाढ.

तुझा,
धाकटा