घोडीची किंमत समक्ष सांगू

सांगली,
६ फेब्रुवारी २०२५

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून घातला आहे, त्यात फार जीव शोधू नका. पत्र लिहायची वेळ आली कारण तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात. साधा फोटो पाठवायला ज्यांना काकूंची मदत लागते, त्यांना ब्लॉक करणं मात्र बरोबर जमलं.

कस्तुरी विकायला काढलीत हे मला तुमच्याकडून नाही, घोडेवाल्यांच्या ग्रुपवर कळलं. शेकडो परक्या माणसांनी वाचलं आणि मीही वाचलं. घोडी विकणे आहे, रंग तांबडा, स्वभाव शांत, किंमत समक्ष सांगू. फोटोत ती कान मागे टाकून उभी आहे. तिला फोटो आवडत नाहीत हे तुम्हांला अजून माहीत नाही.

ती जन्मली तेव्हा पायांवर उभी राहीना, म्हणून पप्पांनी आणि मी पोटाखाली हात घालून तिला उभी केली होती. पप्पा गेले, माझं लग्न झालं, सांगलीच्या फ्लॅटमध्ये घोडी आणता येत नाही, म्हणून ती तुमच्या दावणीला राहिली. सांभाळायला दिली होती, विकायला नाही. आणि विकायचीच होती, तर ती कुणाच्या दारात जाणार हे ठरवताना मला विचारायला हवं होतं. मला तेवढंच हवं होतं, आबा.

माझ्या सासरी हळदीची अडत आहे. इथे भाव चारचौघांत पुकारतात. ज्याचा माल चोख तो किंमत लपवत नाही. तुम्ही लपवलीत, याचे मला दोनच अर्थ दिसतात. एकतर घोडीत खोट आहे, नाहीतर गिऱ्हाईक बघून सुरी चालवायचा बेत आहे. कोणता ते कळवा.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. तो सध्या तुमच्याकडे भरपूर दिसतो, आणखी मागत नाही.

तुमची पुतणी,
शिवांजली


सातारा,
१३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शिवांजली हिस अनेक आशीर्वाद. हे रीतीचे नाहीत, खरेच आहेत.

तुझा नंबर ब्लॉक केला कारण मी हॅलो म्हणायच्या आत तू मला चोर म्हणायचीस. पलटणीत असताना साहेबाच्या शिव्या खाल्ल्या, पण त्याचा मला पगार मिळत होता.

आता घोडीचं. माझे दोन्ही गुडघे गेले आहेत. नदीवर मी तिला नेत नाही, तीच मला ओढत नेते. तुझ्या काकूचं म्हणणं, एक दिवस दोघंही घाटावर आडवे सापडाल. खोट म्हणशील तर तिचा पुढचा डावा पाय मागे एकदा दुखावला होता. चालायला ठीक आहे, मऊ मातीत पळते, पण कडक रस्त्यावर पळवली तर तो पाय कायमचा जाईल. येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे सांगतो. तुला नाही सांगितलं, कारण तू ऐकतेस कुठे.

किंमत का लिहिली नाही? तुमचं हळदीचं पोतं कुणी नेलं तरी त्याला काय फरक पडतो? त्याला रोज चारा लागत नाही की पाय मुरगळत नाही. घोडीला पडतो. वरातीत नाचवायला मागणारा आला, त्याला विकली म्हणून सांगितलं. कुणी रिसॉर्टवाला फोनवर ऐट करत होता, त्याला नऊ लाख सांगितले, पुन्हा फोन करायचा नाही. बिराप्पा म्हणून शर्यतवाला आहे, डांबरी सडकेवर घोडे पळवतो. पळून पळून निकामी झालेले दोन घोडे त्याच्या दारात मी डोळ्यांनी पाहिले आहेत. तो वरचेवर वस्तीवर येऊन बसतो. म्हणतो, आवं आबा, येकदा आकडा तरी तोंडातनं काडा, मग बगा मी लगी मोजतो का न्हाई. मी चहा पाजतो आणि आकडा काढत नाही.

कारण तुला माहीत असायला हवं. किंमत घरातून बाहेर पडली की तो शब्द झाला. तेवढे पैसे आणून ठेवणाऱ्याला मग आपण नाही म्हणत नाही, तो आवडो न आवडो. तुझ्या बापाने, पृथ्वीराजने, अकलूजच्या बाजारात कस्तुरीची आई अशीच मिळवली होती. मालकाला द्यायची नव्हती. बोलता बोलता त्याच्या तोंडून आकडा गेला आणि पृथ्वीराजने तिथेच पैसे ठेवले. तो माणूस रडला, पण घोडी दिली. तुझा बाप ही गोष्ट जन्मभर फुशारकीने सांगायचा. तू मांडीवर बसून ऐकली आहेस.

तेव्हा किंमत समक्षच राहील. माणूस बघितल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि हा हुकूम तू बदलू शकत नाहीस.

जावईबापूंना नमस्कार. तुझ्या जिभेला आराम पडो.

तुझा,
लालासाहेब आबा


सांगली,
१९ फेब्रुवारी २०२५

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी पुष्करना वाचून दाखवलं आणि आम्ही पोट धरून हसलो. ज्या रिसॉर्टवाल्याला तुम्ही नऊ लाख सांगितलेत ते तुमचे जावईबापूच होते. आवाज बदलून बोलत होते. मीच त्यांना फोन करायला लावला होता.

आणखी ऐका. वाईची मयूरी म्हणून जिचा फोन आला, ती माझी कॉलेजची मैत्रीण. तिच्याकडे चार घोडे आहेत, मुलांना बसायला शिकवते. तिलाही मीच पाठवली होती, फक्त किंमत काढायला. तिला तुम्ही सांगितलेत एकाहत्तर हजार! एकाच घोडीचे एकाला नऊ लाख आणि दुसरीला एकाहत्तर हजार. आणि वर मला शब्दाची महती सांगता. माणूस बघून म्हणे. फोनवर तुम्हांला कोण दिसलं?

मयूरी भोळी आहे. ती म्हणते, लगेच घेऊन टाकू. मी तिला थांबवलं. नऊ लाखांची घोडी अनोळखी मुलीला एवढ्या स्वस्तात देणारा काहीतरी लपवतो आहे. पाय दुखावला की मोडला, हे आता माझ्या माहितीतला डॉक्टर बघेल, मग तिने काय ते ठरवावं.

तोवर कुणी फसू नये म्हणून तुमच्या जाहिरातीखाली मी काल लिहिलं आहे. या घोडीची खरी किंमत एकाहत्तर हजार, मालकाच्या तोंडची, जास्त कुणी देऊ नये. खाली माझं नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट, आणि मालकाची पुतणी असंही. तुम्ही झाकलंत, मी उघडलं. सांगलीत याला व्यवहार म्हणतात.

तुमच्या लोभाला आता मापात राहावं लागेल.

शिवांजली


सातारा,
२६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शिवांजली हिस आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी दुपारी आलं. बिराप्पा सकाळीच येऊन गेला होता.

एकटा आला नाही, चार माणसं घेऊन आला. त्यांत नाथाजी होता, तुझ्या बापाबरोबर अकलूजला गेलेला. बिराप्पाने फोन माझ्यापुढे धरला आणि तू लिहिलेलं सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मग बाजेवर पैसे ठेवले. म्हणाला, आबा, तुमच्याच घरच्या लेकीनं लिवलंय, खाली नाव बी हाय. आता न्हाई कसं म्हंताय? मी त्याला पायाचं पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, पायाचं धरूनच किंमत उतरवलीया न्हवं. मी नाथाजीकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

नाही म्हणता आलं असतं, असं तुला वाटेल. पुतणीने लिहिलं ते खोटं, असं मी चार माणसांत म्हणायला हवं होतं. ते खोटं नव्हतं. आकडा माझ्याच तोंडचा होता.

कस्तुरी टेम्पोत चढेना. पुढचे पाय रोवून उभी राहिली. बिराप्पाने चाबूक काढला, म्हणून मीच पुढे झालो, तिच्या मानेवर हात ठेवला आणि चढवून दिली. ती माझ्या हाताने चढली याचा राग मला तुझ्यापेक्षा माझाच जास्त येतो. तरी तुझा कमी येत नाही.

तू विचारलंस, फोनवर मला कोण दिसलं. मयूरीने किंमत विचारलीच नाही. पाय कशाने दुखावला, एकटी राहिली की खिंकाळते का, कुणाच्या हातून खाते, एवढंच विचारत होती. मी म्हणालो, माझ्या भावाच्या मुलीच्या हातून खायची. मग ती म्हणाली, सांगलीची एक मैत्रीण दर रविवारी येऊन घोडीजवळ बसेल, तुमची हरकत नाही ना. मैत्रीण कोण, हे न कळायला मी म्हातारा झालोय, खुळा नाही. मी तिला विचारलं, पोरी, तुझी ऐपत किती. ती म्हणाली एकाहत्तर हजार. म्हणून एकाहत्तर. तिच्याजवळ पाच हजार असते तर पाच सांगितले असते. तिच्या निरोपाची मी वाट बघत होतो, आणि तिला तू थांबवून धरली होतीस.

जनावर देताना दावं देत नाहीत. ते ठेवून घेतलं आहे, तुझ्या बापाने वळलेलं आहे ते. हवं असेल तर येऊन घेऊन जा, पोस्टाने पाठवणार नाही.

तुझा नंबर मोकळा केला आहे. पण सध्या फोन करू नकोस, माझ्या तोंडून वाईट जाईल. जाहिरात अजून तशीच आहे आणि रोज कुणी ना कुणी एकाहत्तर हजार घेऊन येतो म्हणतो. मला त्याच्यावर लिहिता येत नाही आणि काकूचा हात होत नाही. तुझ्या ओळीखाली घोडी विकली एवढं तूच लिही.

लालासाहेब